यानानं आपला रस्ता आपणच शोधावा का?

धूमकेतू:
नेव्हिगेशन इंजिनिअरनं उमेदीची वर्षं खर्चून शेवटी आपलं काम यानाच्या हाती सोपवावं, यातच त्या कामाचं सार्थक आहे असं माझं ठाम मत आहे. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत एड रीडेल, श्याम भास्करन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. १९९८ साली निघालेल्या डीप स्पेस १ यानावर त्यांचं ऑटोनॅव्ह हे आपला रस्ता आपणच शोधणारं सॉफ्टवेअर होतं. यान लघुग्रहांचे फोटो काढायचं, मागच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचं आणि आपण कुठे आहोत हे स्वतःच ठरवायचं. पुढे ते तंत्र डीप इम्पॅक्ट यानावर गेलं. ४ जुलै २००५ ला टेम्पल १ धूमकेतू आपल्यापासून १३ कोटी किमीहून दूर होता आणि त्यावर आदळायला निघालेल्या यानाचा वेग होता सेकंदाला १० किमी. फोटो खाली येऊन हुकूम वर पोचेपर्यंत जवळपास १५ मिनिटं जाणार, म्हणजे यान ९,००० किमी पुढे! शेवटच्या दोन तासांत त्यानं तीनदा आपली दिशा आपणच सुधारली आणि नेम लागला. खाली बसून हे कुणालाही जमलं नसतं.

लंबन:
असहमत. ब्रेल लघुग्रहाचं नावही काढलं नाहीत तुम्ही. जुलै १९९९ मध्ये हेच डीप स्पेस १ त्याच्या अगदी जवळून गेलं. ब्रेल अपेक्षेपेक्षा अंधुक निघाला, ऑटोनॅव्हला तो सापडलाच नाही आणि जवळचा एकही फोटो मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात यानाचा स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांवरून यानाचं तोंड कुठे आहे ते सांगणारा कॅमेरा, बंद पडला. तेव्हा खालच्या टीमनं नवं सॉफ्टवेअर लिहून वर पाठवलं आणि विज्ञानाच्या कॅमेऱ्याला ताऱ्यांवर नजर ठेवायला लावलं. मोहीम वाचली ती या माणसांमुळे.

धूमकेतू:
वाचली, शंभर टक्के मान्य. पण सप्टेंबर २००१ मध्ये बोरेली धूमकेतूजवळून जाताना त्याचा गाभा कॅमेऱ्यात धरून ठेवला तो ऑटोनॅव्हनंच. दोन वर्षांपूर्वीच्या अपयशावर काम करत राहिलेली माणसं होती म्हणून. करिअर म्हणतात ते याला.

क्षितिज:
मला वेगळीच काळजी वाटते. मार्च १९७९ मध्ये लिंडा मोराबितो व्हॉयेजर १ च्या नेव्हिगेशनसाठी काढलेला गुरूच्या आयो या चंद्राचा फोटो तपासत होत्या. मागचा अंधुक तारा दिसावा म्हणून त्यांनी उजेड वाढवला, तर आयोच्या कडेबाहेर चंद्रकोरीसारखा ढग! पृथ्वीबाहेरचा जिवंत ज्वालामुखी पहिल्यांदा दिसला तो असा. ताऱ्याची जागा मोजण्यापुरतं बनवलेलं सॉफ्टवेअर तारा मोजून पुढे गेलं असतं.

धूमकेतू:
फोटो पृथ्वीवर येणं कुठे थांबतंय? ते निवांत बघाच. पण २०२२ मध्ये डार्ट यान डिमॉर्फोस या लघुग्रहावर आदळलं, तेव्हा जेमतेम १६० मीटरचा तो दगड वेगळा दिसायला लागला शेवटच्या तासाभरात. त्याचा आकारही आधी कुणी पाहिलेला नव्हता. लंबन, अनपेक्षित गोष्टी यानाला झेपत नाहीत म्हणता, मग हे काय होतं?

लंबन:
डार्टला आदळायचंच होतं, परत फिरायचं नव्हतं. बेन्नू लघुग्रहावरून नमुना आणायला गेलेल्या ओसायरिस-रेक्स यानाचं बघा. बेन्नूवर वाळूसारखी सपाटी मिळेल अशी अपेक्षा होती, निघाले मोठमोठे दगड. मग उतरण्याची ठरलेली पद्धत बाजूला ठेवून टीमनं त्या खडकांचा धोक्याचा नकाशा तयार केला. २० ऑक्टोबर २०२० ला धोक्याच्या जागी टेकतोय असं वाटलं, तर ५ मीटरवरून माघारी फिरायची मुभा यानाला होती. माघार घ्यायची की नाही हे यान ठरवणार होतं, पण धोका कशाला म्हणायचं हे माणसांनी ठरवलं होतं. नव्या मुलांना तुम्ही फक्त ऑटोनॅव्ह शिकवलंत, तर पुढचा असा नकाशा कोण करणार, तेवढं सांगा.