गरवायला गाइड घ्यावा की आपलं आपण जावं? माझा आठ महिन्यांचा हिशेब

म्हापसेकर
गेल्या ऑक्टोबरात मी गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला लागलो. आजोबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात बंदूक घेऊन जायचे. त्यांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद केलं आणि ते योग्यच झालं. पण दबा धरून बसायची ओढ माझ्यात उतरली होती, ती मला गरीकडे घेऊन आली.

पहिल्या दिवसापासून खर्च वहीत लिहिला. मेअखेरपर्यंतचा हिशेब असा: रॉड आणि रील ७,२००. ब्रेडेड (विणलेला) दोरा १,६००, लीडर (गळाजवळचा जाड दोरा) ६५०. लूअर (खोटी आमिषं) चौदा, सरासरी ४५० चा एक, म्हणजे ६,३००. शापोरा नदीच्या काठावर आणि इकडेतिकडे सव्वीस फेऱ्या, फेरीला १८० चं पेट्रोल, ४,६८०. एकूण २०,४३० रुपये. खाण्यासारखे मासे मिळाले पाच. एक मासा चार हजारांना पडला.

एप्रिलमध्ये मित्राबरोबर एकदा गाइडची होडी घेतली. सकाळच्या पाच तासांचे ९,००० होते, माझा वाटा ४,५००. एका सकाळीत चार किलोचा चणक आणि दोन तांबसे. रॉड त्यांचे, आमिष त्यांचं, लाइफ जॅकेट त्यांचं. घालवलेल्या पैशांत मी चार वेळा अशी होडी केली असती.

म्हणून माझं मत सरळ आहे. नवख्या माणसाने पहिलं वर्ष सामान घेऊच नये, गाइडचे पैसे द्यावेत. आपलं आपण जाणं स्वस्त असतं हा समज चुकीचा आहे.

पाण्याकाठी
म्हापसेकर, वही ठेवलीत याबद्दल आधी मनापासून कौतुक. हिशेब मात्र मला पटत नाही.

रॉड-रीलचे ७,२०० तुम्ही एका वर्षावर टाकलेत. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन ठेवा, दहा वर्षं जाईल. माझं जुनं रील बारा वर्षं चाललंय. लूअर चौदा घेतलेत, गेले किती? नऊ-दहा तरी कांदळाच्या मुळांत नाहीतर कालवांच्या धारेवर गेले असणार. पुढच्या वर्षी तीन जातील. पाणी उतरताना मुळं कुठवर येतात ते तुमच्या हाताला आता कळलंय, आणि ते कळणं याच वीस हजारांतून आलंय.

आता एप्रिलच्या सकाळचं सांगा. चणक कुठे बसला होता? होडी प्रवाहाच्या वरच्या बाजूला लावली की खालच्या? का? चणक पाठलाग करणारा मासा नाही. पुलाचा खांब, मूळ, बांधाचं तोंड, अशा आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि सुकतीचं (ओहोटीचं) पाणी लहान शेवटे मासे, सुंगटं (कोळंबी) बाहेर आणतं तेव्हा झडप घालतो. हे मला कोणी विकलं नाही. दोन पावसाळे आणि तीन हिवाळे काठावर रिकाम्या हाताने बसल्यावर कळलं. तुम्ही ४,५०० ला तीन मासे घेतलेत. तेवढ्यात मडगावच्या बाजारातून याहून जास्त आले असते.

म्हापसेकर
नऊ लूअर गेले, अंदाज बरोबर. आणि होडी कुठल्या बाजूला लावली हे मला खरंच सांगता येणार नाही. तांडेल (होडी चालवणारा) म्हणाला "इथे टाका", मी टाकलं.

पण रिकाम्या हाताने तीन हिवाळे बसायला सगळ्यांकडे वेळ नाही हो. मला आठवड्यात एक रविवार मिळतो. त्या रविवारांची किंमत वहीत लिहिली नाही, ती लिहिली असती तर माझी बाजू आणखी जड झाली असती.

शिवोलीचे काका
मुलांनो, पैशाचं तुमचं तुम्ही बघा. मी एकच सांगतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणून गाइड मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच नवी पोरं रॉड घेऊन खडपांवर (समुद्रकाठच्या खडकांवर) चढतात. काठावरून गरवायला बंदी नाही, हे खरं. पण जूनमधलं खडप शेवाळाने साबण झालेलं असतं, आणि लाट सातवीनंतर शांत होते वगैरे ऐकीव गोष्टींवर कोणी उभं राहू नये. माझा एक सोबती अशाच खडपावरून ओढला गेला. दोराने बाहेर काढला म्हणून वाचला, गुडघा कायमचा गेला. त्या दिवशी तिथलं पाणी ओळखणारं माणूस बरोबर असतं तर त्याने आम्हाला गाडीतूनच उतरू दिलं नसतं.

कुंभारजुव्याची पोर
मी या बाजूने आणि त्या बाजूनेही बोलू शकते, कारण आमच्या घरात होडी आहे. बाबा आधी जाळं टाकायचे, गेली काही वर्षं गरवणाऱ्यांना नेतात. ९,००० ऐकून लोक दचकतात, म्हणून सांगते ते कुठे जातात.

तुम्ही सहाला येता. बाबा तीनला उठून पाग (फेकायचं जाळं) घेऊन जिवंत शेवटे पकडतात, कारण मेलेल्या आमिषाला चणक तोंड लावत नाही असा त्यांचा अनुभव आहे. दोन माणसं, इंजिनाचं पेट्रोल, वर्षातून एकदा इंजिन उघडणं, दर पावसाळ्यात होडी वर काढून डागडुजी आणि रंग. जून ते सप्टेंबर जवळपास शून्य. आणि गिऱ्हाईक हॉटेलच्या काउंटरवरून आलं तर तिथला वाटा आधी कापला जातो. तो वाटा पाहिला की बाबांना झोप लागत नाही, मलाही. म्हणून हात जोडून सांगते, जायचंच असेल तर जेटीवर येऊन होडीवाल्याशी थेट बोला. तुमचेही कमी जातील, आमच्याही हातात जास्त पडतील. होडीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे आहे का, हे मात्र विचारा. विचारलेलं आम्हाला वाईट वाटत नाही.

पाण्याकाठी दादा, तुमचं बाजाराचं उदाहरण मला लागलं. बाबा मासा विकत नाहीत. मासा तर कधी कधी मिळतच नाही, तरी त्यांची पहाट गेलेलीच असते.

पाण्याकाठी
ताई, चुकलं. बाजाराची तुलना मागे घेतो. तुमच्या बाबांच्या मेहनतीला कमी लेखायचं नव्हतं. माझा मुद्दा गरवणाऱ्याच्या शिकण्याबद्दल आहे आणि तो मी सोडत नाही.

डोंगरवाट
मूळ फोंड्याचा, गेली काही वर्षं कोलोरॅडोत. इथे शिकार कायदेशीर आहे आणि अगदी हाच वाद इथे एल्क हरणावरून चालतो, म्हणून लिहितो.

गाइडसकट पाच-सात दिवसांची एल्कची शिकार कित्येक हजार डॉलरला पडते. आपलं आपण गेलात तर परवाना, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी), पेट्रोल आणि सामान. सरकारी जमीन अफाट आहे, पाय ठेवायचे पैसे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, गाइडला कशाला द्यायचे? दोन हंगाम स्वतः गेलो. एल्क दिसलाही नाही. आणि दिसला असता तर काय केलं असतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. एका मोठ्या एल्कचं मांस शंभर किलोच्या आसपास भरू शकतं आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. नऊ हजार फुटांवरून ते पाठीवर आणायला चार-पाच खेपा. खर्चाच्या कागदावर पाठीचा रकाना नसतो.

काही ठिकाणी तर निवडच नाही. अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्या शिकारीला परवानाधारक गाइड किंवा तिथला जवळचा नातलग बरोबर लागतोच. वायोमिंगमध्ये राखीव अरण्यक्षेत्रात मोठ्या प्राण्यांसाठी बाहेरच्या माणसाला साधारण तसाच नियम आहे, फक्त नातलगाऐवजी परवाना घेतलेला तिथला रहिवासी चालतो. त्यात सुरक्षितता किती आणि स्थानिक गाइडांचा धंदा राखणं किती, यावर इथले शिकारी तावातावाने भांडतात.

तिसऱ्या हंगामात मी मधला रस्ता धरला. त्याला इथे ड्रॉप कॅम्प म्हणतात. धंदेवाला घोडे-खेचरांवरून तुम्हाला, तंबूला आणि शिध्याला आत नेऊन सोडतो आणि ठरल्या दिवशी न्यायला येतो. मधले दिवस तुम्ही आणि रान. पूर्ण गाइडपेक्षा पुष्कळ स्वस्त. मांस घोड्यावरून येतं. शोधायचं मात्र आपल्यालाच. त्या वर्षीही मला एल्क मिळाला नाही, पण चौथ्या दिवशी पहाटे शंभर पावलांवर ऐकला, आणि वाऱ्याने माझा वास त्याच्याकडे नेला हे मला माझं कळलं. गोव्यात असं का होत नाही? होडीवाला आत सोडेल, सुकती संपली की घ्यायला येईल.

हिरवी कांदळ
सगळे रुपयांत बोलताय, म्हणून दुसरा हिशेब मांडते. चणक जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला जवळपास प्रत्येक मोठा चणक ही अंडी घालणारी मादी असते. पावसाळ्यात नदीमुखाशी खाऱ्या पाण्यात ती अंडी घालते. गाइडच्या होडीला तिची जागा नेमकी ठाऊक असते. जितका गाइड हुशार, तितक्या माद्या कमी. म्हणून गाइडने मोठा मासा सोडायचा नियम आपल्या होडीवर लावावा आणि गिऱ्हाइकाने तो मानावा.

आणि म्हापसेकर, तुमचे नऊ लूअर अजून त्या मुळांत लटकताहेत. ब्रेडेड दोरा कुजत नाही. दोन वर्षांपूर्वी चोडणच्या काठावर एक बगळा अशाच दोऱ्यात अडकलेला मी सोडवला. पंख वाचला नाही. ही किंमत तुमच्या वहीत कुठल्या पानावर आहे?

म्हापसेकर
कुठल्याच पानावर नाही. खरं सांगतो, हे वाचून पोटात गोळा आला. ओहोटीला जाऊन मिळतील तेवढे काढून आणतो, जागा आठवतात. दोरा तुटला की तो आपला राहत नाही असंच मी समजत होतो.

पाण्याकाठी
कांदळताई, हा दोष माझ्यासारख्या एकट्या जाणाऱ्यांचा जास्त आहे, मान्य. शिकणारा जास्त तोडतो.

आणखी एक खर्च मीच सांगतो, माझ्या बाजूच्या विरोधात जातो तरी. आपलं आपण जाणं फुकट, असं मीही समजत होतो. एकदा खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी जाऊन बसलो. सुकतीला मासा तिथेच गोळा होतो, याहून चांगली जागा कुठली? अर्ध्या तासात दोघांनी उठवलं आणि चार शब्द सुनावले. त्यांचं बरोबर होतं. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. ज्याने बोली लावून पैसे भरले त्याचा तो मासा, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. मी चोरी करत होतो, नकळत का होईना. गाइड असता तर त्याने तिथे नेलंच नसतं.

डोंगरवाटकरांची कल्पना मला आवडली. पण म्हापसेकर, आत सोडलेल्या माणसालाही वेळ कळायला हवी. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण निघते. तृतीयेला सव्वादोन. म्हणजे रात्री सव्वादोनला भरली, साडेआठच्या सुमारास सुकली. पहाटे साडेपाच ते साडेसात पाणी उतरत असतं, तीच तुमची वेळ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, जाऊ नका, पाण्याला ओढच नसते.

कुंभारजुव्याची पोर
पाऊणपटचा हिशेब समुद्राच्या तोंडाशी ठीक. आमच्याकडे आत पाणी उशिरा पोचतं, फरक जागेप्रमाणे पडतो. बाबांना विचारलं तर ते काठावरच्या चिखलाची ओली रेघ बघून सांगतात.

सोडून यायचं म्हटलं तर बाबा तयार आहेत. रात्री विचारलं मी. एका माणसाला नेऊन सोडायचे आणि आणायचे २,००० घेतील, आमिष पाहिजे तर त्याचे वेगळे. दोन अटी आहेत. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल त्याहून मोठा चणक सोडायचा, ही कांदळताईंमुळे मी घातली, बाबांनी मान्य केली. दुसरी त्यांची: एकटा माणूस नाही, दोघे हवेत.

म्हापसेकर
दोघे म्हणजे मी आणि पाण्याकाठी, येणार असाल तर. कुठे टाकायचं ते तुम्ही सांगायचं नाही. मी टाकतो, चुकलो तर परत निघाल्यावर सांगा.

पाण्याकाठी
येतो. गाइडला पैसे देण्याच्या मी विरोधात होतो, हे होडीभाडं समजून देतो. ताई, तिथे उभं राहायला काय आहे? चिखलात उतरावं लागेल का? गमबूट आणू?

कुंभारजुव्याची पोर
चिखलात पाय ठेवायचाच नाही, गमबूट असोत की नसोत. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि सकाळी त्या उन्हासाठी त्याच काठावर येतात. जुना चिऱ्यांचा बांध आहे, त्यावर दोघे आरामात उभे राहतात. मासा ओढून काठाशी आला की वाकून हाताने घ्यायचा नाही, लांब दांड्याचं जाळं बाबा देतील. ते विसरू नका.