चेहरे नकोत, दप्तरं चालतील
रोज एक फोटो आणि प्रत्येक फोटोमागे मुलींच्या शिक्षणासाठी वीस रुपये, ही तुमची कल्पना झकास! २०२५ मध्ये मी हेच ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीपासून ८ मार्चपर्यंत केलं. ६५ दिवस, १३०० रुपये. रक्कम किरकोळच, पण मित्रांनी भर घातली. अट एकच ठेवली होती, मुलींचे चेहरे नाहीत. मदतीसाठी कुणाचा केविलवाणा चेहरा मिरवणं मला पटत नाही. मग दिसू लागलं ते एसटीच्या खिडकीच्या गजाला लटकवलेली डब्याची पिशवी, सेफ्टी पिनेनं सांधलेला दप्तराचा पट्टा. विषय आटले की सकाळी साडेसहाला स्टँडवर जाऊन उभे राहा. मोबाइलच न्या, मोठा कॅमेरा दिसला की पोरी लगेच पोज देतात.