लिनक्स मिंट मध्येच गोठतं, दोनदा नव्याने टाकूनही तेच

कर्सर_लुकलुकतोय:
डेस्कटॉपवर मिंट २२, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.८. दिवसातून एकदोनदा सगळं जागच्या जागी थिजतं. माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. मधूनच फायरफॉक्सचा टॅब कोसळतो, फाइल मॅनेजर आपोआप बंद होतो. काल ४ जीबीची झिप उघडताना सीआरसीची चूक आली (म्हणजे आतला मजकूर नोंदलेल्या बेरजेशी जुळेना). लगेच पुन्हा उघडली तर नीट उघडली! मिंट दोनदा नव्याने टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, फरक शून्य. तापमान ६५ अंशांच्या वर जात नाही. लाइट जाते-येते, पण यूपीएस आहे. आता फेडोरा (दुसरं लिनक्स) टाकून पाहू का?

पेचकस:
फेडोरा नको. अजून काहीच टाकू नका.

तुम्ही लिहिलंय त्यात कामाची गोष्ट झिपची आहे. तीच फाइल एकदा चुकते आणि एकदा बरोबर येते, म्हणजे डिस्कवरची प्रत धड आहे आणि वाटेत कुठेतरी बिट पलटतोय. ग्राफिक्स अडकलं तर पडदा थिजतो, पण दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे आत शिरता येतं, म्हणजे एसएसएच बहुधा लागतं. विजेचा झटका बसला तर मशीन सहसा रीस्टार्ट होतं. एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्राम पडायला लागले की आधी रॅमवर संशय घ्यायचा.

पुढच्या वेळी गोठलं की चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -के -बी -१' द्या. '-१' म्हणजे आधीचं बूट. त्यात सेगफॉल्ट, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, बॅड पेज स्टेट अशा मेमरीच्या गोंधळाच्या ओळी दर वेळी वेगळ्या प्रोग्रामच्या नावाने दिसतायत का ते बघा. लॉग स्वच्छ निघाला म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. साध्या रॅमला ईसीसी, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करायची सोय, नसते. चूक झाल्याचं प्रोसेसरलाच कळत नाही, तर तो नोंद कशाची करणार?

आणि बटण दाबण्याआधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांनी दाबून पाहा: डेटा डिस्कवर लिही, डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, रीबूट. या कळा कर्नलशी थेट बोलतात, त्यांना सिसआरक्यू म्हणतात; त्यातल्या कुठल्या चालतील हे ठरवणारी किंमत मिंटमध्ये १७६ असते, म्हणजे १२८ + ३२ + १६, म्हणून एवढी तीनच चालतात. जुन्या लेखांतली सहा अक्षरांची माळ (आर, ई, आय, एस, यू, बी) पूर्ण चालणार नाही. त्यालाही दाद मिळाली नाही तर कर्नलच गेलाय.

रॅम कधी बदललीत का?

कर्सर_लुकलुकतोय:
हो, ते लिहायचं राहिलं. ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, दिवाळीत १६ जीबीच्या आणखी दोन घातल्या. दुसऱ्या कंपनीच्या आहेत, पण डीडीआर४ ३२००च. एक्सएमपी (रॅम डब्यावरच्या वेगाने पळवायची बायोसमधली सेटिंग) चालू आहे. लॉगमध्ये सेगफॉल्ट सात, सातही वेगवेगळ्या प्रोग्रामचे.

टर्मिनलवाली:
'ते लिहायचं राहिलं' म्हणे!

डब्यावरचा ३२०० हा आकडा तेवढ्या एका जोडीपुरता असतो, तोही बहुधा १.३५ व्होल्टवर. डीडीआर४चा मूळ व्होल्टेज १.२. चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवरचा (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) भार वाढतो, त्यात दोन्ही जोड्यांचे टायमिंग वेगळे. चालू होते याचा अर्थ पेलते असा नाही.

मेमटेस्ट८६+ घ्या (पेनड्राइव्हवरून बूट होऊन रॅम तपासणारा प्रोग्राम), पण सहावी आवृत्ती किंवा पुढची. त्याआधीच्या यूईएफआयवर (बायोसची आजची जागा घेतलेलं फर्मवेअर) चालत नाहीत. सिक्युअर बूट बंद करा. आधी चारही पट्ट्या आहेत तशा ठेवून रात्रभर, किमान चार फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तरी थांबा, 'एकच तर आहे' हे इथे चालत नाही. चुका मेमरीत कुठे झाल्या ते पत्ते टिपून ठेवा: पुन्हा पुन्हा तोच पत्ता आला तर पट्टी खराब, विखुरलेले आले तर वेग किंवा व्होल्टेजचा प्रश्न. मग एकेक पट्टी, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये (मॅन्युअलात ए२). स्लॉट तोच ठेवा, नाहीतर दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळणार नाही.

मेमटेस्ट स्वच्छ निघूनही त्रास राहिला तर स्ट्रेसअॅपटेस्ट (रॅमवर ताण देणारा प्रोग्राम) -डब्ल्यू (मोठा), -एस ३६०० देऊन तासभर चालवा. प्रोसेसर तापलेला असताना होणाऱ्या चुका त्यात लवकर सापडतात.

कर्सर_लुकलुकतोय:
चारही एकत्र: दुसऱ्याच फेरीत ३१ चुका, पत्ते विखुरलेले. एकेकटी: चारही स्वच्छ. एक्सएमपी बंद करून २६६६ वर चारही एकत्र: चार फेऱ्या, शून्य चूक. म्हणजे सुटलं?

टर्मिनलवाली:
गोठणं सुटलं. २६६६ वर ठेवा, रोजच्या कामात फरक जाणवायचा नाही. ३२०० च हवं असेल तर ८ च्या काढून विका, ३२ जीबी पुष्कळ झाली. व्होल्टेज चढवून चारही पळवायच्या भानगडीत पडू नका.

पेचकस:
आता कंटाळवाणा भाग. दोन्ही वेळा मिंट याच चुकणाऱ्या रॅममधून डिस्कवर गेलंय. डेबसम्स (पॅकेजेसच्या फाइली मूळ नोंदीशी ताडणारा प्रोग्राम) टाका, रीबूट करा (नाहीतर कॅशमधली बिघडलेली प्रत वाचली जाईल) आणि 'सुडो डेबसम्स -सी' द्या. जी नावं येतील त्यांची पॅकेजेस 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' ने परत टाका. पंधरावीस निघाली तर सरळ तिसऱ्यांदा इन्स्टॉल करा, या वेळी त्याला अर्थ आहे.

होम फोल्डर डेबसम्स बघत नाही. दिवाळीनंतर बॅकअप आरसिंकने (फाइली नकलणारा प्रोग्राम) घेतला असेल तर तो फक्त आकार आणि वेळ ताडतो. आत एक बिट पलटलेली फाइल त्याला तशीच्या तशी वाटते. -सी, -एन आणि -व्ही तिन्ही देऊन चालवा, म्हणजे मजकूर ताडेल, नावं दाखवेल, पण काही लिहिणार नाही. जिथे फरक दिसेल तिथे कुठली प्रत खरी हे तुम्हालाच उघडून ठरवावं लागेल. दिवाळीआधीचा बॅकअप असला तर त्याच्यावर आत्ता काहीही लिहू नका.

कर्सर_लुकलुकतोय:
डेबसम्समध्ये तीन फाइली निघाल्या, त्यातली एक लिब्रेऑफिसची. टाकतोय परत. बॅकअपची डिस्क काढून ठेवली आहे.