मदत हवी आहे: ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, पुढचे उपचार आणि रिहॅब

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस (मेंदूला सूज येण्याचा एक आजार) झालाय. कॉलेजात शिकते. आधी झोप उडाली, मग भलतंसलतं बोलायला लागली. घरात निम्म्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी, निम्म्यांना वेड. ओठ-जबड्याची सारखी चावल्यासारखी हालचाल सुरू झाली, फिट आली, तेव्हा न्यूरोलॉजिस्टनी पाठीतलं पाणी काढलं. त्यात अँटिबॉडी सापडल्या. एमआरआय मात्र अगदी नॉर्मल! २००७ साली न्यूरोलॉजिस्ट दालमाऊ यांच्या गटाने ओळखलेला हा आजार. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर) उलटते. बऱ्याच मुलींत मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. हिची सोनोग्राफी स्वच्छ आहे.

स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन) झालं, फरक थोडाच. आता रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुचवलंय. ज्यांच्या घरी हे दिलंय त्यांनी सांगा, आधी टीबी, हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या का? नंतर इन्फेक्शनचा त्रास कितपत? आणि मुख्य म्हणजे, बोलणं आणि लक्षात राहणं कधी सुधारलं? काल तिने मला ओळखलं, पण चमचा हातात धरून नुसती बघत बसली.

पुण्यात घरी येणारे स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा शिकवणारे) माहीत असतील तर कळवा. काढे, अंगारे कृपया नकोत, ते सुचवणारे घरातच पुष्कळ आहेत.