डोंगरवाट, टीम आणि स्टोइक : नेमकं काय करता? (अनुभव धागा)

सॉफ्टवेअरवाल्यांत डोंगर चढणारे बरेच, आणि त्यांतल्या काहींच्या उशाशी एपिक्टेटस किंवा मार्कस ऑरेलियस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांची पुस्तकं असतात. (स्टोइक विचार: जे आपल्या हातात आहे तेवढ्याचीच चिंता करा.) सॉफ्टवेअर, डोंगर आणि स्टोइक या तिन्हींचं जुळतं असं सगळेच म्हणतात, पण बोलणं ‘धीर धरा, मिळून चाला’ याच्यापुढे जात नाही. म्हणून हा धागा. किस्से आणि फोटो नकोत. वेळ कशी काढता, माणसं कशी लावता, कुठे चुकतं आणि का, तेवढं लिहा. (उत्तरं खाली, ज्याच्या त्याच्या टोपणनावाखाली.)

माझ्याकडून वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजच्या मापांत असा: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. १२ किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर २ तास २४ मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे ३ तास ५४ मिनिटं. यात थांबे धरलेले नाहीत. उतारासाठी गिर्यारोहक एरिक लँगमूरची दुरुस्ती लावायची: ५ ते १२ अंशांच्या सौम्य उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वजा, त्याहून तीव्र असेल तर १० मिनिटं जमा.

तीव्र उताराला वेळ जास्त लागतो, हे नवख्यांना पटत नाही. आपल्या अंदाजांचंही तेच होतं. स्क्रीन किती, एंडपॉइंट (सर्व्हरकडे मागणी करायचे पत्ते) किती, ही झाली वाटेची लांबी आणि ती सगळे मोजतात. जुना डेटा हलवणं, परवानग्या, दुसऱ्या टीमचा एपीआय (त्यांच्या प्रोग्रॅमशी जोडायचा दुवा) हा चढ, आणि रिलीजच्या आधीचा आठवडा हा तीव्र उतार. तिन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. एकाच आकड्यात कोंबलं की पहिल्यांदा चढच गायब होतो.

ओसरीवरचा

(स्टोआ म्हणजे खांबांची ओसरी. या पंथाचा संस्थापक झेनो अथेन्समध्ये तिथे शिकवायचा, म्हणून ‘स्टोइक’ हे नाव.)

एपिक्टेटसची विभागणी सर्वांना पाठ असते: आपली मतं, इच्छा, प्रयत्न आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद हातात नाही. पण ‘हवामान हातात नाही’ एवढं म्हणून थांबलात तर उपयोग शून्य. हातात नसलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर हातातली एक कृती लिहा. हवामान हातात नाही. परतीची वेळ ठरवणं हातात आहे.

ती वेळ उलटी मोजतात. सूर्यास्त साडेसहाला, उतरायला तीन तास, एक तास राखीव, म्हणजे अडीच वाजता पाठ फिरवायची. माथा वीस मिनिटांवर असला तरी. ही वेळ पायथ्याला, डोकं ताजं असताना, सगळ्यांसमोर बोलून ठरवायची. वर गेल्यावर दम लागलेला असतो आणि माथा दिसत असतो, त्या वेळच्या निर्णयावर विसंबू नये.

रिलीजलाही हेच. ‘दहा मिनिटांत एरर नेहमीच्या दुप्पट झाल्या तर मागे घ्यायचं, चर्चा नंतर’ हे वाक्य डिप्लॉयआधी (नवा कोड चालू सर्व्हरवर चढवण्याआधी) लिहिलेलं असावं, मागे घेण्याची कमांड त्याच्याच खाली असावी, आणि ती एकदा चालवून पाहिलेली असावी. डेटाबेसचा कॉलम काढून टाकणारा बदल असेल तर परतीची वाटच उरत नाही. म्हणून आधी कोड त्या कॉलमपासून सोडवायचा आणि कॉलम पुढच्या रिलीजला काढायचा.

रोमन स्टोइक सेनेका म्हणतो, प्रवासाला निघेन, पण ‘काही आडवं आलं नाही तर’ हे मनात धरून. निर्णय बदलायची जागा आधीच ठेवली की मागे फिरणं पराभव वाटत नाही.

बॅकलीड

रांगेचा क्रम: पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणारा, शेवटी अनुभवी माणूस, म्हणजे बॅकलीड. हळू चालणारा शेपटाला गेला की रांग रबरासारखी ताणते. पुढे गेलेले दहा मिनिटं बसतात, तो धापा टाकत पोचतो, आणि त्याला पाहताच सगळे उठतात. म्हणजे सर्वांत थकलेल्यालाच विश्रांती नाही. नियम एकच: थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होते.

फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. मोजणी निघताना आणि प्रत्येक थांब्यावर. ‘सगळे आहेत ना?’ असं विचारू नका, त्याला कोणीतरी हमखास हो म्हणतं. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणावा.

टीमचा वेगही रांगेच्या शेपटाने ठरतो, आणि तिथे बहुधा माणूस नसून कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं) असतो. तीन दिवस पडून राहिलेले बदल सोडून नवीन काम उचलणारा म्हणजे पुढे पळालेला भिडू. आधी रिव्ह्यू, मग नवं काम. आणि गट मोठा करायच्या आधी गुणाकार करा: ५ जणांत १० जोड्या, १० जणांत ४५. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की आणखी उशीर होतो, हे सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणाऱ्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच सांगितलं, तरी दर वेळी नव्याने शोधलं जातं.

घळ

वरच्या क्रमाला एक अपवाद. सुट्या दगडांच्या घळीत लांब रांग धोक्याची. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खाली येईपर्यंत वेग घेतो. तिथे एकतर अगदी जवळजवळ चालायचं, किंवा एकेकाने पार व्हायचं आणि बाकीच्यांनी दगडांच्या माऱ्याबाहेर थांबायचं. प्रॉडक्शनमधला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू सिस्टिममधला बिघाड ही अशीच घळ आहे. एका वेळी एकच हात कीबोर्डवर, एक जण काय केलं आणि किती वाजता, ते लिहितो, बाकीचे बाजूला. चौघांनी एकाच वेळी चार सेटिंग बदलल्या तर बिघाड कशाने गेला ते कोणालाच कळत नाही.

होकायंत्र

धुक्यात चुकलेला माणूस बहुतेक वेळा चालत राहतो, आणि चुकीची वाट नकाशात बसवत जातो. ‘हा ओढा तोच असणार’ हे वाक्य ऐकलं की थांबा. शेवटची खात्रीची जागा कोणती, तिथून किती वेळ चाललो, कोणत्या दिशेला, हे तीन प्रश्न. उत्तर येत नसेल तर परत त्या जागी.

लक्ष्याच्या नेमक्या बिंदूवर दिशा धरू नका. १ किलोमीटरवर ५ अंशांची चूक म्हणजे सुमारे ८७ मीटर. ओढ्यावरचा साकव गाठायचा असेल तर मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाला रोख धरायचा. ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे पक्कं असतं. साकवावरच नेम धरलात तर ओढ्याशी पोचून कुठे वळायचं ते कळत नाही. शिवाय साकवाच्या पलीकडची एक ठळक खूण ठरवा, ती दिसली म्हणजे पुढे निघून आलो. होकायंत्र मोबाइलपासून लांब धरा, त्यातली चुंबकं सुई फिरवतात.

बग शोधताना हेच. शेवटचा नीट चालणारा कमिट (कोडमधला नोंदवलेला एक बदल) पक्का करा आणि मग तिथून आजपर्यंतची यादी मधोमध तोडत जा: १००० कमिट असले तरी सुमारे १० तपासण्यांत दोषी सापडतो. अट एवढीच की प्रत्येक कमिट छोटा आणि बिल्ड होणारा हवा. ‘किरकोळ बदल’ नावाचा दोन हजार ओळींचा कमिट मध्ये आला की तिथे धुकं.

संध्याकाळची वही

सेनेका रोज रात्री स्वतःची झाडाझडती घ्यायचा. ही रीत त्याने सेक्स्टियस या तत्त्वज्ञाकडून घेतली, त्याचे प्रश्न असे: आज कोणती खोड सुधारली, कोणत्या दोषाला अडवलं, कशात बरा झालास? आमच्या रेट्रोत (काम संपल्यावर मागे वळून पाहायच्या बैठकीत) याचा फक्त क्रम घेतलाय. आधी नुसता घटनाक्रम, वेळेसकट, कोणाचंही नाव न घेता. मग प्रत्येक निर्णयापुढे ‘त्या क्षणी काय माहीत होतं’ हा रकाना. ‘काय करायला हवं होतं’ हे सर्वांत शेवटी. क्रम उलटा केला की बैठकीचा खटला होतो.

फोडवाला

स्टोइक वाचलेल्या भिडूंची मला थोडी धास्ती वाटते. बूट चावतोय हे ते सांगत नाहीत, सहन करतात. टाच गरम लागली तेव्हाच थांबून मोजा सरळ करायचा, घाम पुसायचा, त्वचा कोरडी करून टेप लावायची. पाच मिनिटांचं काम. फोड आल्यावर तोच माणूस तासाभराने सगळ्यांचा वेग खातो. म्हणून गटात आधीच जाहीर करायचं की पहिला थांबा जोडे तपासायचा आणि सगळ्यांनी काढायचे. मग कोणाला एकट्याने कुरकुरावं लागत नाही.

थंडी-पावसात कोणी अडखळायला लागला, बोलणं जड झालं, चिडचिड करू लागला किंवा अचानक गप्प झाला, तर ‘ठीक आहे मी’ या त्याच्या उत्तरावर जाऊ नका. वाऱ्याचा आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, डोक्यावर टोपी, खाली बसायला सॅक किंवा मॅट, शुद्धीत असेल तर गोड खाणं. मदत बोलवायला हाका घालून घसा बसवू नका, शिट्टी वापरा: मिनिटभरात ६ वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा ६. उत्तर ३ शिट्ट्यांचं येतं. ते आलं तरी आपली शिट्टी चालू ठेवायची, कारण शोधणाऱ्याला आवाजाची दिशा लागते.