मदत हवी आहे: सीरम काढूनही आयजीएफ-१ रिसेप्टरचा फॉस्फो-बँड जात नाही

कार्पास २९९ पेशींवर (एनपीएम-एएलके हे कायम चालू राहणारं जोड-प्रथिन असलेला ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा, एक रक्तपेशींचा कर्करोग) वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) करतेय. १६ तास सीरमशिवाय (म्हणजे बाहेरच्या वाढ-घटकांशिवाय) ठेवल्यावरही फॉस्फो-आयजीएफ-१आर (फॉस्फेट लागलेला, म्हणजे चालू झालेला आयजीएफ-१ रिसेप्टर) चा ९५ किलोडाल्टनचा बँड ठळक दिसतो. आयजीएफ-१ (या रिसेप्टरला चालू करणारा वाढ-घटक) दिलं, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, १० मिनिटं, तरी जेमतेम वाढ. त्याच ब्लॉटवर एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) अगदी शहाण्यासारख्या वागतात: उपाशी ठेवल्या की बँड गायब, आयजीएफ दिलं की हजर. त्यामुळे अँटिबॉडी मेलेली नाही.

करून झालंय: ताजं ऑर्थोव्हॅनाडेट (फॉस्फेट निघू नये म्हणून), ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए (गाईचं अल्ब्युमिन), दोनदा पीबीएस वॉश, नवी व्हायल. माध्यमात इन्सुलिन नाही. मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह. २४ तास उपाशी ठेवल्या तर पेशी मरायला लागतात.

एनपीएम-एएलके ८० किलोडाल्टनला येतो, म्हणून तोच दिसतोय असं वाटत नाही. पण इन्सुलिन रिसेप्टरचा बीटा भाग वजनाने जवळपास सारखाच, आणि फॉस्फो-साइटही तशीच. शंका तिथेच आहे.

क्रिस्पर आमच्याकडे नाही. एसआयआरएनए (जनुक दाबायला, म्हणजे नॉकडाउनला) आणि क्रिझोटिनिब (एएलके रोखणारं औषध) आहे. क्रॉस-रिॲक्शन, पेशींचं स्वतःचं आयजीएफ-१, की एएलकेच रिसेप्टर फॉस्फोरिलेट करतोय, हे वेगळं करायला आधी आयजीएफ-१आर चं इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने तेवढंच प्रथिन वेगळं काढणं) करू की एएलके नॉकडाउन?