आईचा अंगठा लागत नाही, रेशन बंद. लवकर सांगा

अक्कलकोटरोड:
दुकानदार आईला परत पाठवतोय. मशीनवर अंगठा लागतच नाही, दहाही बोटं लावून झाली. जन्मभर विड्या वळल्या तिने, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. मी पुण्यात. काय करायचं?

घाटावरचा:
कार्ड कुठलं, पिवळं की केशरी? आई एकटीच आहे का कार्डावर? अडलंय काय, ई-केवायसी की महिन्याचं धान्य?

नीलाताई:
माझ्या सासूबाईंचं असंच व्हायचं. कोमट पाण्याने हात धुवायचे, कोरडे पुसायचे आणि किंचित खोबरेल लावायचं. लागतो अंगठा.

माळरान:
ताई, तेलाने काच अजून खराब होते. सरळ ‘मेरा ई-केवायसी’ ॲप घ्या, चेहरा दाखवून काम होतं. आमच्या वडिलांचं घरबसल्या झालं.

घाटावरचा:
त्याने केवायसी होते, दर महिन्याचं धान्य निघत नाही. म्हणून तर विचारतोय.

नीलाताई:
आमच्याकडे तेलानेच लागला. अनुभवाचं सांगतेय.

अक्कलकोटरोड:
केशरी, आई एकटीच, ५ किलो मिळायचं. केवायसी नाही म्हणून बंद म्हणतो. ॲपचा ओटीपी आधारच्या नंबरवर जातो, तो वडिलांचा होता. ते गेल्यावर बंद झाला.

घाटावरचा:
हेच आधी हवं होतं. पहिल्यांदा नंबर बदला. त्यासाठी आईला आधार केंद्रावर न्यावं लागेल, पण कागदपत्रं लागत नाहीत. बोटं नाही उमटली तर डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगा. मग ॲप. पुढच्या महिन्यांसाठी पुरवठा कार्यालयात नॉमिनीची, म्हणजे आईऐवजी दुसऱ्याने धान्य आणायची सोय विचारा.

मुक्ता_जालना:
माझी लाडक्या बहिणीची केवायसी अडकलीय, नवऱ्याच्या आधारचा ओटीपी येत नाही. कुणाला माहितीये?

माळरान:
ताई, त्याला वेगळा धागा काढा. इथे हरवून जाईल.

हक्काचं_धान्य:
केंद्राच्या अन्न विभागाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे. झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात रेशन तुटलेल्या घरातली ११ वर्षांची मुलगी दगावली, त्यानंतर निघालं. अंगठा लागला नाही तरी आधार आणि रेशनकार्ड बघून, वहीत नोंद करून धान्य द्यायचं. नकार लेखी मागा, १९६७ वर तक्रार करा.

घाटावरचा:
पत्र दाखवून कुणाला मिळालंय का खरंच?

हक्काचं_धान्य:
आमच्या वस्तीत मिळालंय. लेखी द्या म्हटलं की दुकानदार वही काढतो.

अक्कलकोटरोड:
आई एकटी काय मागणार लेखी. शनिवारी मीच जातो. सोलापुरात आधार केंद्र शनिवारी चालू असतं का?